अर्ध्या ग्रीसची चाचणी

वंगणकाकांचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. कारखान्यात गाड्यांचे ॲक्सल तपासायची एक खोली होती, तिथे त्यांनी एकतीस वर्षं काढली. काम काय, तर धडधाकट वस्तू यंत्रावर चढवायची, ती बिघडेपर्यंत फिरवायची आणि कितव्या दिवशी बिघडली ते वहीत लिहायचं. घरी काकू म्हणायच्या, "दाराची बिजागरी कुरकुरली की तेलाची बाटली घेऊन धावता, आणि मी कुरकुरले की कूस बदलता!" काका नुसते हसायचे. कुरकुर ऐकली की हात आपोआप तेलाकडे जायचा, त्याला ते तरी काय करणार!

त्या खेपेला नवा ॲक्सल आला होता. त्याच्या टोकाच्या बेअरिंगमध्ये मुद्दाम अर्धंच ग्रीस भरलं होतं. असा उपाशीपोटी तो किती तग धरतो, ते बघायचं. तीस दिवस टिकला तर पास. काका दर तासाला उठायचे, किती तापलाय ते बघून आकडा लिहायचे.

एकोणिसाव्या दिवशी डबा खाऊन परत येतात, तो बेअरिंग ओरडायला लागलेलं. बारीक, कुत्र्याच्या पिल्लासारखं. काकांनी खुंटीवरची ग्रीस गन काढली, टोक लावलं, दोनदा दाबली. आवाज थांबला. गन खुंटीला परत अडकवताना त्यांच्या ध्यानात आलं. अहो, ते ओरडणं हेच तर उत्तर होतं! तेच ऐकायला एकोणीस दिवस बसले होते, आणि ऐकू आल्याबरोबर स्वतःच्या हातांनी त्याचं तोंड बंद केलं.

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. दोन दिवस काकांना अन्न गोड लागेना. सांगावं, तर म्हातारा चळला म्हणून निवृत्तीआधीच घरी बसवतील. न सांगावं, तर कच्चा ॲक्सल पास होणार आणि त्यावर कुणाची तरी लेकरंबाळं बसणार.

तिसऱ्या दिवशी ते साहेबांपुढे जाऊन उभे राहिले. साहेब त्यांच्या मुलाच्या वयाचे. काकांनी सगळं भडाभडा सांगून टाकलं.

"काका, आधी ते दार लावा," साहेब म्हणाले. "एवढंच ना? घाम पुसा. पास झाल्याचा कागद गेल्या महिन्यातच गेलाय."

"चाचणी संपायच्या आधीच?"

"गाड्या तयार होत्या. थांबणार कोण?"

"अहो, पण तो एकोणिसाव्या दिवशीच ओरडला!"

"तुम्ही ग्रीस घातलंत ना? आता नाही ना ओरडत? झालं तर मग."

काकांनी खुर्चीची पाठ धरली. "आणि याच्या आधीच्या चाचण्या? एकतीस वर्षांच्या?"

साहेब टेबलावरचे कागद सारखे करू लागले. "माझ्या आधीचं मला काय ठाऊक, काका?"

"मग यंत्र बंद करू?"

"छे, छे! पाहुणे येतात, काहीतरी फिरताना दिसायला हवं. तुम्ही आपली वही चालू ठेवा."

त्या दिवशी घरी काकूंनी दोनदा विचारलं, बरं नाही का म्हणून. "दमलोय," एवढंच म्हणून ते भिंतीकडे तोंड करून पडले. सांगणार तरी काय?

दुसऱ्या दिवशी यंत्र फिरत होतं. दहा वाजले, आकडा बघायची वेळ झाली. काका खुर्चीतून उठले नाहीत. वही मांडीवर ओढली आणि बसल्या जागी मनाला येईल तो आकडा लिहिला. अकरा वाजता दुसरा लिहिला. कुणी काही विचारलं नाही.