दाराआडून दिलेला इशारा

नव्वदच्या दशकाच्या मध्यात, हरभरा फुलावर असताना, सेनगावच्या पुढच्या एका गावात डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या खांबावर चढलेला शेतकरी विजेचा धक्का बसून जागीच मेला. त्या वेळी गावचा वायरमन ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलेला होता. खोलीला बाहेरून कुलूप होतं. वायरमन माझे वडील होते.

हिंगोली जिल्हा तेव्हा झालेला नव्हता. मी हिंगोलीत कॉलेजला होतो. घटना मला दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळींत वाचायला मिळाली. त्यात वडिलांचा उल्लेख ‘एक कर्मचारी’ असा होता.

कोंडण्याची पद्धत आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. ट्रान्सफॉर्मर जळतो, अर्ज जातात, नवा येत नाही. मग गाव वायरमनला किंवा इंजिनिअरला बसवून ठेवतं. मारहाण होत नाही. सतरंजी टाकतात, चहा देतात, जेवायला भाकरी आणि पिठलं येतं. मोठा साहेब येऊन तारीख देतो आणि दार उघडतं. वडिलांना याआधीही दोन गावांनी असं बसवलं होतं. एका गावात निघताना त्यांना वांगी बांधून दिली होती. आई चेष्टेनं म्हणाली होती, पुढच्या वेळी भेंडीवाल्या गावात कोंडून घ्या.

या गावात शिवारात दोन डीपी होते. त्यातला एक जळाला होता. वडील सकाळी पाहणीला गेले आणि त्यांना पंचायतीत नेऊन बसवलं, दाराशी दोघांना पहाऱ्याला ठेवलं. कुलूप ज्यानं लावलं तो माणूस वडिलांच्या ओळखीचा होता. त्याच्याकडे थोडी जमीन आणि मेंढरं होती. वडील त्या गावात गेले की चहा त्याच्याच घरी घेत. किल्ली खिशात टाकताना त्यानं विचारलं होतं, “भाऊ, तंबाखू हाय का जवळ? न्हाईतर देऊन ठेवतो.” वडिलांनी आहे म्हणून सांगितलं.

आदल्या दिवशी गावात एका बारशाला व्हिडिओ आणला होता. जनरेटरवर चालला. सिनेमा ओलीस धरण्याचा होता. चौघे जण एका बँकेच्या खजिनदाराला बंद पडलेल्या गोदामात डांबून ठेवतात, एवढीच गोष्ट. खजिनदाराचं काम करणारा नट त्या काळी फारसा मोठा नव्हता. मी तो सिनेमा नंतर दोनदा पाहिला. हा नट सबंध सिनेमात आवाज चढवत नाही. मध्यंतरानंतर तो दाराशी येतो आणि पहारेकऱ्याला शांतपणे सांगतो की खाली गॅस गळतो आहे, काडी ओढू नका. पहारेकऱ्याला ते खरं वाटतं. तो दार उघडतो आणि खजिनदार निसटतो. गॅस वगैरे काही नसतं. बारशाला आलेल्यांना हा प्रसंग फार आवडला होता. तो पुन्हा लावायला लावला होता, असं वडिलांना पहाऱ्यावरच्या दोघांनी त्या सकाळीच सांगितलं.

दुपारी पिण्याच्या पाण्याच्या मोटारीचा विषय निघाला. ती जळालेल्या डीपीवर होती. शेजारच्या डीपीवरून तार ओढून ती चालू करावी, असं ठरलं. त्या डीपीचा स्विच गंजून बसला होता, खाली ओढता येत नव्हता. त्यामुळे काही काम निघालं की भारनियमनाच्या वेळेत, लाईन नसताना वर चढायचं, अशी त्या गावाची रीत होती. वेळापत्रक लेकरांनाही पाठ होतं. लाईन दिवस मावळायला येणार होती. मेंढरंवाला पक्कड आणि तार घेऊन निघाला. वडिलांसोबत राहून तो हे काम शिकला होता.

वेळापत्रक त्या दिवसापासून बदललं होतं. लाईन दुपारीच येणार होती. वडिलांना ते सकाळी वीज उपकेंद्रात सांगितलं गेलं आणि गावात कळवायला सांगितलं. गावात पोचताच त्यांना खोलीत बसवलं. जळालेल्या डीपीच्या भांडणात वेळापत्रक कोणी विचारलं नाही, त्यांनीही तो विषय काढला नाही.

यापुढचं वडिलांनी सांगितलेलं आहे. मेंढरंवाला गेल्याचं त्यांना खिडकीतून पहाऱ्यावरच्या दोघांच्या बोलण्यात कळलं. ते दाराशी गेले आणि म्हणाले, “लाईन आज लवकर येणार हाय. त्याला वर चढू देऊ नका.”

दोघे पत्ते खेळत होते. एकानं हसून उत्तर दिलं, “भाऊ, हा सीन आमी काल पाह्यला. तुमी पडा जरा.”

दुसरा म्हणाला, “हिरो बराबर असाच बोलून राहिला होता.”

वडिलांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग ते खिडकीशी गेले. खिडकीतून डीपी दिसत नव्हता. थोड्या वेळानं खोलीतला दिवा लागला. बटण सकाळपासून चालूच राहिलेलं होतं.

कुलूप तोडावं लागलं. किल्ली वर चढलेल्या माणसाच्या खिशात होती.

पहाऱ्यावरच्या दोघांनी पोलिसांना दिलेल्या जबाबात म्हटलं आहे की, वायरमन आतून काही बोलल्याचं त्यांनी ऐकलं नाही. वडिलांच्या जबाबात म्हटलं आहे की, दोन वेळा सांगितलं. दोन्ही जबाब मी वाचले आहेत. कोंडल्याबद्दलची तक्रार वडिलांनी दिली नाही. चौकशीत त्यांच्यावर ठपका आला नाही. काही महिन्यांनी त्यांची बदली उपकेंद्रात, ऑपरेटर म्हणून झाली. खांबावर चढायचं काम संपलं.

तेराव्यानंतर मेंढरंवाल्याची बायको आमच्या घरी आली. सोबत दीर होता, तो ओट्यावरच थांबला. आईनं पाणी दिलं. बाईनं तांब्या हातात धरून ठेवला, प्याली नाही. तिला एकच विचारायचं होतं.

“तुमी सांगितलं व्हतं का न्हाई?”

वडील म्हणाले, “सांगितलं होतं.”

“मग कोणाला ऐकू काहून न्हाई आलं?”

तिनं तांब्या तसाच खाली ठेवला आणि ती उठली. आई तिला सेनगावच्या जीपपर्यंत सोडून आली. वडील मुळातच हळू बोलत. जेवताना मीठ मागितलं तरी आईला दोनदा विचारावं लागे.

दहाएक वर्षांनी तोच सिनेमा नव्यानं निघाला. मी तेव्हा नांदेडला एका दैनिकात उपसंपादक होतो आणि रविवारच्या पानासाठी सिनेमाची परीक्षणं लिहीत होतो. सुट्टीत गावी आलो असताना सिनेमा हिंगोलीत लागला होता. वडिलांना मी नुसतं सांगितलं की जाऊन येतो. कोणता सिनेमा, ते त्यांनी विचारलं. सांगितल्यावर त्यांनी शर्ट बदलला.

दुपारचा खेळ होता. थिएटर निम्मं रिकामं होतं. नव्या सिनेमात गोदामाचा कारखाना झाला होता, दोन गाणी आली होती आणि चौघांचे सहा जण झाले होते. टोळीप्रमुखाचं काम जुन्यापेक्षा चांगलं झालं होतं. जुना नट डोळे वटारायचा. हा नवा ओलिसाला पाणी देताना आधी पेल्याचा काठ पुसतो. अशा लहान गोष्टींनी त्यानं माणूस उभा केला होता. खजिनदाराच्या भूमिकेत मात्र मोठा तारा होता आणि तो पहिल्या रिळापासून मोठ्यानं बोलत होता. जुन्या नटानं जे मान खाली घालून केलं, ते यानं मुठी आवळून केलं. मी अंधारात वहीवर तसं लिहून घेतलं.

गॅसचा प्रसंग आला. या सिनेमात खजिनदार दारावर लाथा मारतो, कडी खडखडवतो आणि किंचाळतो. त्याचा आवाज फाटतो. बाहेरचे दोघे धावत येऊन दार उघडतात. पुढच्या रांगेतली पोरं शिट्ट्या वाजवत होती.

वडील म्हणाले, “हा वरडला.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पडद्याकडेच पाहत होते.

“म्हणून उघडलं,” ते म्हणाले.

सिनेमा आम्ही पुरा पाहिला. बसस्टँडवर सेनगावची गाडी लागलेली होती, जागा मिळाली. वडील खिडकीशी बसले. गाडी शहराबाहेर निघाल्यावर त्यांनी मला विचारलं, पहिल्या सिनेमातला माणूस दाराशी कसा बोलतो. त्यांनी तो सिनेमा कधीच पाहिलेला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. मी सांगितलं की शांतपणे बोलतो, आवाज चढवत नाही, तेच त्याच्या कामाचं बळ आहे.

ते म्हणाले, “मी पण तसंच बोललो होतो. घरात बोलतो तसं.”

मग म्हणाले, “ती बाई घरी आली होती, तिला काय सांगायला पाहिजे होतं ते आता समजलं.”

त्या बाईला ते पुन्हा भेटले की नाही, याची मला खात्रीशीर माहिती नाही. तिच्या दिराला मी नंतर एकदा पुसेगावच्या बाजारात भेटलो. तो म्हणाला, भेटले नाहीत.

परीक्षण रविवारी छापून आलं. त्यात टोळीप्रमुखाच्या पेल्याचा उल्लेख होता, गाण्यांबद्दल तक्रार होती आणि ताऱ्याच्या कामावर दोन परिच्छेद होते. दाराच्या प्रसंगाबद्दल त्यात काही नव्हतं.

वडील त्यानंतर चार वर्षांनी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमाला मी गेलो होतो. तिथे त्यांच्यासोबत पाळी करणाऱ्या ऑपरेटरनं मला सांगितलं की, शेवटची काही वर्षं लाईन सोडण्याआधी ते नियमाप्रमाणे फोन करत, वेळ लिहीत, मग बाहेर पडवीत जाऊन मोठ्यानं ओरडत, “लाईन येऊन राहिली, खाली उतरा.” उपकेंद्राच्या आवारात तेव्हा कोणी नसे. तारेच्या कुंपणापलीकडे तुरीचं शेत होतं.