काकींचे पाय

"बसून काय व्हतंय?" असं म्हणून काकी पदर खोचायच्या आणि उभ्याच राहायच्या. तुमच्याही शेजारी अशी एखादी बाई असेल. बोलता बोलता त्यांच्या अंगणभर फेऱ्या चालत. चहासुद्धा उभ्यानेच.

पोलादपूरच्या वरच्या एका वाडीत मी शिक्षिका होते आणि काकींकडेच भाड्याने राहत होते. काका वारलेले, मुलगा मुंबईला. रक्तदाबाच्या गोळ्या त्या आठवण झाली तर घेत. मी टोकलं की म्हणत, "मला काय धाड भरलीय, बाई?"

भात झोडायच्या दिवसांत एका सकाळी त्या खळ्यातच मटकन खाली बसल्या. मी धावले. अंग घामाने भिजलेलं. पाठीत आतून कुणीतरी फाडतंय, एवढंच त्या सांगत होत्या. जीपने महाडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी दोन्ही हातांचा रक्तदाब मोजला, स्कॅन करून घेतलं आणि सांगितलं की हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी आतून फाटली आहे, ताबडतोब मुंबईला न्या. अँब्युलन्समध्ये त्या सारख्या उठू पाहत होत्या; मी त्यांचे खांदे दाबून धरले होते.

मुंबईला मुलगा वाट पाहत होता. औषधांनी रक्तदाब उतरला, पण दुखणं थांबेना. चीर खाली सरकत होती. जांघेतून तारेच्या जाळीची, कापड चढवलेली नळी आत नेऊन फाटलेल्या जागी बसवू, असं सर्जन म्हणाले. छाती उघडावी लागणार नव्हती. मात्र कण्याला रक्त कमी पडलं, तर क्वचित पाय लुळे पडतात, हेही त्यांनी सांगितलं.

आईला हे सांगू नये, असं मुलाला वाटत होतं. मी म्हटलं, पाय त्यांचे आहेत. शेवटी त्यानेच सांगितलं. काकींनी विचारलं,

"नाय केलं तर?"

त्याने त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

"मंग करा. पन पाय गेलं तर मला वाडीवर न्यायचं. हितं ठेवायचं नाय."

ऑपरेशननंतर काकी शुद्धीवर आल्यावर सिस्टरने त्यांना पाय हलवायला सांगितले. उजवा हलला. डावा नाही. कण्याला रक्त पोचावं म्हणून डॉक्टरांनी आता रक्तदाब औषधाने वाढवला, कण्यातलं पाणी काढायला पाठीत बारीक नळी घातली. काकी एकटक त्या पायाकडे बघत होत्या. संध्याकाळी अंगठा हलला. मुलगा तो अंगठा मुठीत धरून रडला.

त्या परतल्या त्या डावा पाय किंचित ओढत. ओझं उचलायला बंदी होती, म्हणून रिकाम्या हातांनी बांधाबांधावरून फिरत आणि चिडचिड करत. गोळ्या मात्र आता स्वतःहून घेत.

पुढे माझी बदली झाली. निघायच्या सकाळी मी नको म्हणत असताना त्या उतार उतरून मला एसटीपर्यंत पोचवायला आल्या. नंतर त्या वारल्याचं मुलाने कळवलं, तेव्हा मला निरोपाची तीच सकाळ दिसली. गाडी सुटल्यावर मी मागच्या काचेतून पाहिलं. वाटलं होतं, हात हलवत असतील. काकी केव्हाच पाठ फिरवून चढ चढायला लागल्या होत्या.