हरणीची खंडेनवमी

मोशीच्या मालोजी मिस्त्रीला गावात कुणी पुढे होऊन रामराम घातला, तर तो आधी स्वतःचे हात बघायचा. तेलकट असले तर मागे लपवायचा आणि मान लववून हसायचा. चुकूनमाकून हात स्वच्छ असले, तर त्यालाच नवल वाटायचं. गळ्यात तुळशीची माळ, डोक्याला मुंडासं, आणि कानावर पेन्सिल अडकवावी तसा एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर. जेवताना आणि झोपताना तेवढा तो कानावरून खाली यायचा. सत्तावन्न सालची ही गोष्ट. तेव्हा तो गावच्या पिठाच्या गिरणीचं इंजिन सांभाळायचा. गिरणीच्या ठोक्यावरून ज्वारी दळली जातेय की बाजरी, हे तो घरात बसून सांगायचा आणि बायका पैजा लावून हरायच्या.

पण मालोजी मुळात गिरणीवाला नव्हे. लढाईच्या आधी तो खडकीला एका साहेबाकडे मोटारीच्या कामाला होता. साहेब एकटा जीव, आणि नाद एकच, मोटार पळवायचा. त्याने एक जुनी मोटार घेतली आणि मालोजीला म्हणाला, हिला वारं कर. मालोजीने तिचे दरवाजे काढले, चाकांवरचे मडगार्ड कापले, एकाच्या जागी दोन कार्बुरेटर बसवले. वजन कमी व्हावं म्हणून चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, ओळीने भोकं पाडली. गावातले लोक खडकीला जाऊन बघून आले आणि म्हणाले, "मालोजीच्या मोटारीला उंदरांनी खाल्लंय."

मागची निमुळती शेपटी मात्र त्याने मोशीत घडवली, आणि तीही बायकोच्या उखळावर. अंबूबाईंचं लग्नातलं दगडी उखळ उलटं घालून त्याने अॅल्युमिनियमचा पत्रा आठ दिवस ठोकला. त्या आठ दिवसांत घरात मिरची कुटली गेली नाही. अंबूबाई तेव्हा विशीतल्या. सासूबाई बडबडल्या, पण अंबूबाई पत्रा दोन्ही हातांनी धरून बसायच्या आणि नवरा ठोकायचा. उखळाच्या बुडाला तेव्हा पडलेला टवका पुढे कायमचा राहिला.

मोटारीला साहेबाने काहीतरी इंग्रजी नाव दिलं होतं. ते कुणाच्या तोंडात बसेना. गावाने तिला हरणी म्हटलं. दिघीच्या माळावर साहेबलोकांच्या शर्यती व्हायच्या, तिथे ही तांबडी हरणी दोनदा पहिली आली. शर्यतीच्या दिवशी साहेब इंजिनात एरंडेल तेल घालायचा. जोरात पळणाऱ्या इंजिनाला तेच मानवतं म्हणे. त्या जळक्या एरंडेलाचा गोडसर वास सगळ्या माळावर पसरायचा.

सत्तेचाळीस साली साहेब बोटीवर चढला आणि जाताना चिठ्ठी लिहून हरणी मालोजीला देऊन गेला. मालोजीने ती मोशीला आणली आणि रस्त्याकडेच्या आपल्या गोठ्यात उभी केली. पण शर्यती संपल्या होत्या. खडकीचं काम गेलं, पेट्रोलला कुपन लागायचं. तिच्याकडे त्याला बघवेना. एक दिवस त्याने गोठ्याला कडी घातली आणि गिरणीचा रस्ता धरला. दहा वर्षं तो आत गेला नाही. कोंबड्या तेवढ्या जायच्या, आणि अंबूबाई. पण अंबूबाई अंड्यांसाठी जात असतील, असं तो धरून चालला होता.

आता बघा, होळीच्या दुसऱ्या दिवशी रस्त्याचा मुकादम चुन्याची फक्की घेऊन आला आणि गोठ्याच्या मधोमध रेघ मारून गेला. नाशिकचा रस्ता रुंद व्हायचा होता. गोठा पाडव्याला पडणार. मालोजीचं घर दोन खणांचं, अंगणात एक बैल कसाबसा मावायचा. पुण्याचा एक भंगारवाला दुसऱ्याच दिवशी येऊन पत्रा ठोकून बघून गेला. कासारवाडीला मुंबई रस्त्यालगत बबनरावांचं गॅरेज होतं, तिथे मालोजी पदर पसरायला गेला. बबनराव जुना खडकीचाच सोबती. तो म्हणाला, "मालोजी, चालत आली तर माझ्या खोपीत तिला जन्मभर जागा. बैल जुंपून आणलीस तर न्हाई. माझ्याकडं मढी पुष्कळ हायत."

म्हणजे पंधरा दिवस. पंधरा दिवसांत हरणी आपल्या पायांनी गेली तर वाचली.

मालोजीने कडी काढली. आत कोंबड्यांनी सीटवर घरटं केलं होतं, टायर भाकरीसारखे तडकले होते, तांबडा रंग धुळीने विटकरी झाला होता. पण त्याने शेपटीवर तळवा ठेवला आणि त्याचा हात आपोआप उखळाच्या ठोक्यांवरून फिरायला लागला.

शेजारचा हिंदुराव मदतीला आला. हिंदुराव म्हणजे बैलगाड्याच्या शर्यतीतला गडी. त्याला मोटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पळणारी वस्तू पडून राहिलेली त्याला बघवायची नाही. पेट्रोलची टाकी आतून गंजली होती. मालोजीने तिच्यात इंद्रायणीतली वाळूगोटी भरली, तोंड बंद केलं आणि ती हिंदुरावाच्या गाडीला बांधली. हिंदुराव चाकणच्या बाजाराला जाऊन आला. येईपर्यंत टाकी खडखडून आतून चकचकीत.

"बाजारात समदे इचारत व्हते," हिंदुराव म्हणाला, "गाडीत काय वाजतंय? म्हणलं, मालोजीचं नशीब."

बबनरावांनी जुने टायर पाठवले. ठिणगी पाडणारा मॅग्नेटो दोन दिवस उन्हात वाळवला. अंबूबाईंनी रेडिएटरचं पितळ चिंचेने घासलं, तर त्यात तोंड दिसायला लागलं. सीटसाठी त्या गोधडी शिवायला बसल्या. सगळं जमत आलं आणि एकच जमेना. इंजिन हलेना. हँडल घातलं, हिंदुराव त्यावर उभा राहिला, तरी तसूभर फिरेना. मालोजीने प्लग काढून इंजिनाच्या चारही भोकांत रॉकेल ओतलं, दोन दिवस मुरू दिलं. गिअर टाकून गाडी मागंपुढं झुलवली. इंजिन जणू एका लोखंडातून ओतलेलं.

रंगपंचमीच्या सकाळी त्याने भोकात तार घालून खरवडलं. तारेला गंज आला नाही. मधासारखा पिवळा, चिवट राळेसारखा थर आला. त्याने तो नाकाशी नेला. दिघीच्या माळाचा वास होता तो.

"अगं," त्याने हाक मारली, "हिच्यात एरंडेल कुणी घातलं?"

अंबूबाई गोधडीची सुई हातात घेऊनच आल्या. चेहरा असा फुललेला, की कुणी एवढ्या वर्षांनी का होईना, विचारलं तरी.

"कुणी म्हंजे? म्या. तुमीच न्हाई का कडी घालताना म्हणला, हिच्या भोकांत थोडं तेल असावं, न्हाईतर गंजंल? मंग दर खंडेनवमीला तुमी गिरणीच्या इंजिनाला हळदकुंकू लावायला गेला, की मी हिकडं यायची. हिला धुवायची, कुंकू लावायची, आन् वाटीवाटी तेल घालायची. साहेब घालायचा तेच. बांधावरच्या एरंडाचं, घरी काढलेलं. एक वरीस चुकलं न्हाई."

दहा वर्षं. चार भोकं, चार वाट्या. चमचाभर तेल पुरलं असतं, तेही एकदाच. थरावर थर सुकून एरंडेलाने इंजिनाला लाखेसारखं चिकटवून टाकलं होतं.

हिंदुरावाने तोंड उघडलं, "म्हंजे वैनीनंच—" मालोजीने त्याच्या पायावर पाय दिला.

"बरं केलंस," मालोजी म्हणाला. "आत गंजाचा टिपूस न्हाई." आणि ते खरंच होतं.

अंबूबाई खूष होऊन परत गेल्या. मालोजीने तार पुसून खाली ठेवली. आतापर्यंत हरणी गेली असती, तर ती साहेबाची आठवण गेली असती, त्याच्या हातची कारागिरी गेली असती. आता ती भंगारात गेली तर एक ना एक दिवस अंबूला कळणार, की आपल्या भक्तीनं ती गेली. हे मात्र त्याला सोसणार नव्हतं.

एरंडेल रॉकेलला दाद देत नाही, हे त्याला साहेबाकडे असतानाच कळलं होतं. ते विरघळतं फक्त स्पिरिटात. तो पुण्याला औषधाच्या दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, परमिट आणा. कचेरीत गेला, तर अर्ज करा, महिनाभराने या. पाडव्याला दहा दिवस. राज्यात दारूबंदी, गळ्यात माळ.

"स्पिरिट म्हंजे काय वो?" हिंदुरावाने विचारलं.

"दारूचा अर्क."

"मंग एवढं पुण्याला कशाला गेला? नदीकाठच्या झाडीत पयल्या धारेची मिळती. काडी लावली तर निळी पेटती."

मालोजीने दोन्ही कानांवर हात ठेवले. मग त्याने गोठ्याच्या दारातून घराकडे बघितलं. ओसरीवर अंबूबाई गोधडीला टाके घालत होत्या. "आण," तो म्हणाला. "पण माझ्या हातात देऊ नगंस. तूच ओत."

हिंदुरावाने ओतली. मालोजी पाठ फिरवून सांगत राहिला, "पयल्यात. आता दुसऱ्यात. सगळी ओत, एक घोटबी ठिवू नगंस." हिंदुराव कळवळून म्हणाला, "राव, माणसाला एवढ्या मायेनं कुणी पाजत न्हाई." इंजिन ऊबदार राहावं म्हणून दिवसातून तीनदा बाहेरून उकळतं पाणी ओतायचं. त्यामुळे झालं असं, की वास मोशीच्या चावडीपर्यंत पोचला.

पोलीस पाटील उद्धवराव काठी टेकत दारात उभे. "मालोजी? तू? माळकरी?"

"पाटील, मी न्हाई पीत."

"मंग कोण पितंय?"

मालोजीने इंजिनाकडे बोट दाखवलं. पाटलांनी वाकून एकेक भोक हुंगलं. हिंदुरावाने त्यांना सगळी हकीकत सांगितली, अगदी वाट्यांसकट. पाटलांनी पुन्हा एकदा भोक हुंगलं. शेवटी म्हणाले, "कायद्यात माणसाचं लिवलंय. मोटारीचं काय लिवल्यालं मला तरी दिसलं न्हाई." तेव्हापासून ते रोज सकाळी दारात येऊन विचारायचे, "काय, उतरली का हिची?"

पण पाटलांच्या पोटात गोष्ट राहत नसे. त्याच दुपारी विहिरीवर त्यांनी अंबूबाईंना हसत हसत सांगितलं, "वैनी, तुमच्या वाट्यांनी बसली बघा हरणी!"

अंबूबाई घरी आल्या, घागर ठेवली आणि गोधडीची घडी करून फडताळात टाकली. त्या दिवसापासून गोठ्यात त्या आल्या नाहीत. भाकरी हिंदुरावाच्या हाती यायची. मालोजी जेवायला घरी गेला तर त्या पाठमोऱ्याच वावरायच्या. तो म्हणायचा, "अगं, ऐक." त्या म्हणायच्या, "वाढलंय, जेवा." एवढंच.

पाडव्याला तीन दिवस उरले होते. सकाळी पाणी ओतून झालं, हिंदुरावाने सवयीने हँडलवर पाय ठेवला आणि तोंडघशी पडला. हँडल केसभर फिरलं होतं. मालोजी धावला. दोघांनी हळूहळू, मागे-पुढे, मागे-पुढे, दळण दळावं तसं फिरवलं. दुपारपर्यंत एक अख्खा फेरा झाला. भोकांतून पिवळं, चिकट पाणी बाहेर आलं. हिंदुराव रडत होता की हसत होता, त्यालाच कळेना.

पाडव्याच्या दिवशी गुढी उभारून झाली. मुकादमाची माणसं पहारी घेऊन झाडाखाली बसली होती. पाटील होते, निम्मं गाव होतं. मालोजी गोठ्यात गेला नाही. घरात आला, स्वच्छ हात धुतले आणि बायकोपुढे उभा राहिला.

"तुझी एरंडेलाची बरणी कुठाय?"

अंबूबाईंनी डोळ्याला पदर लावला. "कशाला थट्टा करताय? फेकून दिली असती, पर लेकराबाळांना लागतं."

"फेकू नगंस. समदं लागनार हाय. साहेब इंजिनात हेच तेल घालायचा, ते खोटं न्हाई. त्याला तळाला जागा असती, तिथं पाच-सहा शेर मावतं. मी तुला भोकं दाखवली, तळ दाखवलाच न्हाई. किती घालायचं, कितीदा घालायचं, तेबी बोललो न्हाई. कडी घातली आन् निघून गेलो. तू दहा वरीस माझं ऐकलंस. चूक सांगनाऱ्याची हाय, अंबू."

चारचौघांत काय, घरातही त्याने तिला कधी नावाने हाक मारली नव्हती.

अंबूबाई बरणी घेऊन आल्या. सगळ्या गावादेखत मालोजीने इंजिनाचं झाकण उघडून नरसाळं लावलं आणि अंबूबाईंनी बरणी ओतली. शेवटचा थेंब पडेपर्यंत त्यांनी ती तिरकी धरून ठेवली. हळदकुंकू लावलं. मालोजीने हँडल फिरवलं. एकदा, दोनदा. हरणी खोकली. तिसऱ्यांदा असा आवाज झाला की मुकादमाची माणसं पहारी टाकून उठली. पांढरा धूर गोठ्यातून बाहेर आला, आणि त्याच्या मागून तो वास. अंबूबाईंच्या न्हाणीतला, देवघरातला, बाळंतिणीच्या खोलीतला वास, पण जळून धावायला निघालेला.

"उतरली रे उतरली!" पाटील काठी उंचावून ओरडले.

मालोजीने हरणी बाहेर काढली आणि शेजारच्या जागेवर थाप मारली. साहेबाच्या वेळी तिथे तो स्वतः बसायचा. अंबूबाईंनी इकडेतिकडे बघितलं. सासूबाई आता नव्हत्या, पण सगळं गाव तर होतं. त्यांनी घरात जाऊन फडताळातली गोधडी आणली, सीटवर नीट पसरली आणि तिच्यावर बसल्या, पदर दातात घट्ट धरून.

मागे पहिली पहार गोठ्याच्या भिंतीत बसली. कुणी वळून बघितलं नाही.

कासारवाडीच्या वाटेवर भोसरीची चढण लागली तेव्हा मालोजी गाडी जपून, गिरणीच्या चालीने चालवत होता. अंबूबाईंनी एका हाताने दार धरायला पाहिलं, तर दार नव्हतंच. मग त्यांनी त्याच्या धोतराचा सोगा धरला आणि त्याच्या कानाशी वाकून ओरडल्या,

"अवो, साहेब बसायचा तवाबी ही एवढीच पळायची का?"

मालोजीने कानावरचा स्क्रू-ड्रायव्हर काढून तिच्या हातात दिला, म्हणजे वाऱ्याने उडायचा नाही, आणि पाय दाबला.