प्रेसच्या कंट्रोलरमधला बंद कप्पा

चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये मी बांधलेलं बटण पहिल्यांदा पाहिलं. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा जड भाग खाली येतो आणि पत्र्याला आकार देतो. दोन्ही हात बटणांवर असले की डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात, हात असूच शकत नाही. त्या प्रेसच्या डाव्या बटणावर मात्र सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळलेली होती, ते कायम दाबलेलंच राहावं म्हणून. ऑपरेटर डाव्या हाताने पीस ठेवत होता, उजव्याने बटण दाबत होता, आणि वेग असा की बघत राहावं.

"हे काय?" मी आमच्या सर्व्हिस इंजिनिअरला विचारलं.

"बटणाला पाठदुखी आहे राव, पट्टा लावलाय," तो म्हणाला आणि हसला. मी हसले नाही, कारण त्या प्रेसचा मेंदू, म्हणजे कंट्रोलरचं बोर्ड, आमच्या कंपनीचं होतं.

आमची कंपनी लहान. बोर्डातल्या चिपसाठी ड्रायव्हर, म्हणजे तिला हाताळणारा प्रोग्राम, लिहायचं काम माझ्याकडे होतं. वीज गेली तरी चिपला जे लक्षात ठेवायचं असतं ते फ्लॅश मेमरीत राहतं, आणि तिथे काहीही लिहायचं किंवा पुसायचं तर ड्रायव्हरच्या हातूनच जावं लागतं. फ्लॅशच्या एका बंद कप्प्यात, जिथे बाहेरून कुणी लिहायचं नाही, दोन नियम होते: दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली पाहिजेत, आणि प्रत्येक ठोक्यानंतर दोन्ही सुटली पाहिजेत. हे नियम जागेवर असते तर बांधलेल्या बटणावर प्रेस हललीच नसती. मग ती हलत कशी होती?

परत येताना सर्व्हिसवाल्याने ते मोठ्या कौतुकाने सांगितलं. माझ्या आधीचा जुना ड्रायव्हर एवढंच पाहायचा की लिखाण कुठून सुरू होतंय. थेट बंद कप्प्यापासून सुरू केलं तर तो अडवायचा. म्हणून हा गडी शेजारच्या कप्प्यात, जिथे डिस्प्लेची भाषा वगैरे असते, तिथून सुरुवात करायचा आणि मजकूर इतका लांब द्यायचा की तो कुंपण ओलांडून आत जाऊन दोन्ही नियम मोडायचा. "कस्टमर खूश, आपण खूश," तो म्हणाला.

माझं डोकं फिरलं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. बाबा मराठवाड्यातून पिंपरीच्या कारखान्यात आले आणि युनियनचे झाले. निगडीच्या आमच्या घरात मी वर्तमानपत्राआधी पत्रकं वाचायला शिकले. "कामगार बंधूंनो" वाचून भगिनी कुठे गेल्या असं विचारलं, तर पुढच्या पत्रकात भगिनी आल्या. लिहिलेला शब्द जग बदलतो, हे मला तेव्हाच पटलं. आणि इथे लिहिता येऊ नये तिथे लिहून कुणीतरी माणसांची बोटं पणाला लावत होतं.

ड्रायव्हर मी नव्याने लिहिला. आता तो सुरुवात बघतो, लांबी बघतो, शेवट कुठे पडतो तेही बघतो. एक अक्षर जरी बंद कप्प्यात शिरत असेल तर सगळं लिखाण नाकारतो. पुसण्याचंही तसंच. फ्लॅशमध्ये एकेक अक्षर खोडता येत नाही, अख्खा कप्पाच पुसावा लागतो, म्हणून ती वाटही बंद केली. बंद कप्प्यात लिहायचं तर बोर्ड खोलून आमच्या टेबलावर आणायचं, खास वायर थेट चिपला जोडायची. चालू मशीनवर ते कुणालाच जमणार नाही.

आमच्या मालकांनी ते वाचलं आणि मान हलवली. "छान आहे. फक्त सर्व्हिससाठी एक पासवर्ड ठेव."

"सर, पासवर्ड ठेवला तर तो दुसऱ्या दिवशी त्या प्रेसवर खडूने लिहिलेला दिसेल."

"आणि चाकणवाल्यांनी बोर्डं परत पाठवली तर? तो आपला सगळ्यात मोठा कस्टमर आहे." मग त्यांनीच तोडगा काढला, "त्यांच्या एका लाइनवर लावून बघ. त्यांनी चालवलं तर पासवर्ड नाही. बोर्डं परत आली तर निमूटपणे पासवर्ड टाकायचा."

मी कबूल केलं.

डावं बटण बांधलेलंच होतं, त्यामुळे पहिल्याच शिफ्टला प्रेस बंद उभी राहिली. सर्व्हिसवाल्याने लॅपटॉप जोडून आपली जुनी युक्ती करून पाहिली. पडद्यावर नकार. पुन्हा केली, पुन्हा नकार. "मॅडम, याला तुमचाच स्वभाव लागलाय," तो पुटपुटला. मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, तेवढ्यात ऑपरेटर माझ्याकडे वळला. पन्नाशीचा माणूस, जवळच्याच गावचा.

"ताई, तुमच्यापायी आमचं टार्गेट जातंय. शिव्या कोन खानार, तुमी?"

मला वाटलं होतं तो आभार मानेल. सुपरवायझर लांबून म्हणाला, "एवढी अक्कल असलेलं मशीन आम्हाला नको. संध्याकाळी बोर्ड काढून घेऊन जा."

मी बाबांना फोन लावला, तावातावाने सगळं सांगितलं. बाबांनी एकच विचारलं. "त्या माणसाशी बोललीस का? आम्ही पत्रक लिहायच्या आधी कँटीनमध्ये जाऊन बसायचो. माणसाला काय नडतंय ते कळल्याबिगर एक ओळ लिहायचो नाही."

म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी कँटीनमध्ये त्या ऑपरेटरसमोर जाऊन बसले. त्याने आधी ताट पुढे ओढलं. मग म्हणाला, "आमाला काय हौस हाय व्हय बटन बांधायची? मागची शिफ्ट बांधून चालवती. आमी सोडलं की सायब म्हनतो, त्यांना जमतं, तुमाला का न्हाई?"

"आता त्यांनाही जमणार नाही."

"मग सायब सर्व्हिसवाल्याला बोलवंल."

"त्यालाही नाही जमणार. मलाही नाही."

त्याने घास थांबवला. "तुमालाबी न्हाई? मालकाचा फोन आला तरी?"

"तरी."

"मंग हे लिहून लावा की तिथं!" तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

तेव्हा मला माझंच काम नीट कळलं. पासवर्ड असता तर तो ज्याच्याकडे असता त्याच्यावर दाब आला असता; कुणालाच जमत नसेल तर दाब टाकायचा कुणावर? मी कँटीनमध्येच कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "कामगार भगिनींनो आणि बंधूंनो, दोन्ही बटणं मोकळी असल्याशिवाय ही प्रेस चालणार नाही. हा नियम कुठल्याही शिफ्टला, सुपरवायझरला, सर्व्हिसला किंवा बनवणाऱ्या कंपनीला या मशीनवर बदलता येत नाही. टार्गेट याच नियमावर धरावं." खाली आमच्या कंपनीचं नाव घातलं आणि प्रेसशेजारी चिकटवलं.

सुपरवायझर धावत आला. "हे काय, युनियनचं पत्रक लावताय?"

"वापराच्या सूचना आहेत," मी म्हणाले.

त्याने प्रॉडक्शन मॅनेजरना बोलावलं. त्यांनी कागद वाचला आणि तिथेच आमच्या मालकांना फोन लावला, स्पीकरवर. भोवती ऑपरेटर जमले. मॅनेजर म्हणाले, "तुमची इंजिनिअर सांगते की हे बदलता येत नाही. खरं का?"

मालकांना 'सोय करून देतो' म्हणता आलं असतं. पण ते म्हणाले, "खरं आहे. तिने केलंय ते बरोबर केलंय."

मॅनेजरनी फोन ठेवला आणि प्रेसकडे पाहिलं. "दोन्ही बटणांवर चालवून दाखवा," ते ऑपरेटरला म्हणाले. त्याने चालवून दाखवली, सावकाश, मुद्दाम दोन्ही हात उंच करून. मॅनेजर घड्याळ लावून उभे राहिले. त्याच मोजणीवर सगळ्या शिफ्टचं टार्गेट नव्याने ठरलं. पूर्वीपेक्षा कमी. सुपरवायझरचं तोंड पडलं, पण 'मागच्या शिफ्टला जमतं' असं आता त्यालाही म्हणता येणार नव्हतं.

बोर्डं परत आली नाहीत. मालक म्हणाले, "आता सगळ्या बोर्डांत हाच ड्रायव्हर टाका. आणि तो कागदही छापून घ्या, प्रत्येक खोक्यात एक."

रहाटणीच्या माझ्या भाड्याच्या खोलीवर जाण्याआधी त्या दिवशी मी टेबलावरचं पहिलं बोर्ड, ती खास वायर न लावता, सर्व्हिसवाल्यासारखं लॅपटॉपला जोडलं आणि बंद कप्प्यात शिरायचा प्रयत्न केला. सरळ, मग शेजारून, मग पुसून. ड्रायव्हर माझा, अक्षर न् अक्षर मी लिहिलेला. त्याने मला प्रत्येक वेळी बाहेर काढलं. इतक्या आनंदाने मी कुणाचा नकार ऐकला नव्हता.