जनीचा धवला आणि नॉर्वेचा राजा

राजा चुकतोय हे सगळ्या गावाला दिसतं, पण त्याच्या तोंडावर सांगायला जाणार कोण? तुम्ही जाल? मी जातो, पण माझा आवाज आधी चढतो आणि मुद्दा मागून येतो, म्हणून कुणी ऐकत नाही. शहापूर तालुक्यात शेणव्यापलीकडच्या आमच्या वाडीत यंदा हे काम जनीने केलं.

जनी आमची धवलारीण. लग्नातल्या प्रत्येक विधीचा धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं, तिच्याकडे. साठी उलटली, अक्षराशी ओळख नाही, पण चार पिढ्यांची नावं तोंडपाठ.

वाडीची भानगड विहिरीची होती. विहीर सावळारामच्या शेतात, पण त्याने ती आयुष्यभर सगळ्यांना मोकळी ठेवली. तो निवडणुकीला उभा राहिला तेव्हा वाडीने त्याला पाडला, तरी त्याने पाणी तोडलं नाही. पुढच्या वर्षी तो गेला. मग त्याच्या पोराने, शेखरने, विहिरीला लोखंडी जाळी घालून कुलूप ठोकलं. माझ्या बापाला पाडलंत, आता पाणी कसलं मागता, हा त्याचा हिशेब. बायका ओढ्यात खड्डे उकरून वाटीवाटीने कळशी भरायला लागल्या.

रविवारी दुपारी मी देवळात बायकांना वाचून दाखवतो. त्या वेळी नॉर्वेच्या राजांच्या गोष्टी चालू होत्या. एका शिकलेल्या पाहुण्याने विचारलं, ह्यांना नॉर्वेचं काय करायचंय? म्हटलं, पाणी तोडणारे काय आपल्याकडेच जन्मतात?

तर गोष्ट अशी. हजार वर्षांपूर्वी ओलाफ राजाला त्याच्याच शेतकऱ्यांनी लढाईत मारलं. वर्षभरात त्याच लोकांनी त्याला संत केलं. पेटीतल्या देहाची नखं-केस वाढतात म्हणून सांगायला लागले. इथे जनी हसली. "मारनार पन आपनच, आन् हार घालनार पन आपनच." वाडीत तिघांच्या घरात सावळारामचा फोटो आहे, तिघांनीही त्याला मत दिलं नव्हतं.

पुढे ओलाफचा पोरगा मॅग्नस गादीवर आला आणि बापाविरुद्ध लढलेल्यांची गुरंढोरं, जमिनी ओढून घ्यायला लागला. लोक पेटले. राजाला सांगायचं कुणी? दरबारातल्या माणसांनी चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी निघाली सिग्वत नावाच्या कवीची. तो बापाचा कवी, आणि पोराचं नाव ठेवलं तेही त्यानेच. तो उभा राहिला आणि राजासमोर गायला: तुझ्या बापाने दिलेलं तू काढून घेतोयस, दिलेला शब्द मोडतोयस. राजाने ऐकलं. पुढे लोक त्याला भला मॅग्नस म्हणायला लागले.

मी पुस्तक मिटलं आणि शहापूरला मोर्चा काढायचं बोललो. जनी म्हणाली, "तू गप रे. तुझ्या मोर्च्याला लोक येतात, वडापाव खातात नि जातात."

तिने लोट्यात तांदळाचे पाच दाणे टाकले, एकाला हळद लावली. पाच बायकांनी डोळे मिटून एकेक काढला. पिवळा दाणा जनीच्याच हाती आला. शेजारची प्रेमा म्हणाली, परत काढू. पुढल्या आठवड्यात शेखरचं लगीन, धवला तुझाच, मोठ्या घरांतली बोलावणी बंद होतील.

"त्या कवीनं परत काढली का चिठ्ठी?" जनीने विचारलं.

लग्नाच्या सकाळी मांडव भरलेला. आमच्यात हळद लावायच्या आधी धवलारीण घरातल्या गेलेल्या माणसांना नावाने मांडवात बोलावते आणि परातीत पाणी ओतून त्यांचे पाय धुतात. त्याशिवाय नवऱ्याला हळद लागत नाही. जनीने सावळारामला बोलावलं. तो दारात आलाय, पाय धुळीने भरलेत, पाणी आणा, असं गायली. कुणीतरी जारचं पाणी ओतलं. जनीने पुढची ओळ तिथल्या तिथे रचली: हे त्याच्या विहिरीचं पाणी नाय, तो पाय ठेवत नाय, दारातच उभा हाय.

आणि तीच ओळ धरून बसली.

शेखर दोनदा म्हणाला, मावशी, पुढचं घ्या. जनी थांबली नाही. ज्याच्या बारशाला ती गायली होती त्याच्याकडे सरळ बघत गात राहिली. अर्धा तास गेला. वाटीतली हळद सुकायला लागली. मुलीकडचे एकमेकांकडे बघायला लागले. धवला मध्येच तोडायचं धाडस कुणाला होईना, शेखरलाही नाही.

शेवटी शेखरची आई, मीना, उठली. कळशी काखेत घेतली आणि पोरासमोर हात पुढे केला.

"एकच कळशी, आई," शेखर म्हणाला.

तिचा हात तसाच. त्याने किल्ली दिली. मीनाबाई भरली कळशी घेऊन परत आली; कुलूप आणि किल्ली दोन्ही तिने विहिरीत टाकून दिली होती. जनीने सावळारामला आत घेतलं आणि मग हळद लागली.

विहीर आजही मोकळी आहे. जाळी शेखरनेच काढून नेली, ते मान्य करायला हवं. पण प्रेमाचं खरं ठरलं. नंतरच्या दोन मोठ्या घरांनी जनीला नको म्हणून कळवलं, डीजे पुरे म्हणाले. जनी कुणाच्या दारात जाऊन विचारणार नाही, तिला मान आहे.

म्हणून मी विचारतो. शहापूर-मुरबाडात तुमच्याकडे लग्न असेल, तर धवल्याला जनीला बोलवा. आणि ती काय गाणार, हे आधी विचारू नका.