कुंपणापलीकडचं हरीण

लारीन टोलमनला एका जागी बसवत नसे. चर्चमध्ये ती मुद्दाम कडेचा बाक धरायची, म्हणजे पाय हलवले तरी शेजारच्याला त्रास नको. हिवाळाभर ती रस्त्यांवरचं बर्फ काढायचा सरकारी ट्रक चालवायची. उन्हाळ्यात बर्फ नसायचं, म्हणून घरातलं सामान इकडचं तिकडे करायची. तिचा नवरा ऑर्लो म्हणायचा, "रात्री पाणी प्यायला उठलो की मी आधी हात पुढे करून चाचपतो. फ्रीज आज कुठल्या भिंतीला असेल, सांगता येत नाही."

उन्हाळा लागला की आयडाहोतल्या त्या गावात हरणाच्या शिकारीच्या परवान्यांसाठी सोडतीचे अर्ज भरले जायचे. लारीन दर वर्षी एकाच डोंगरासाठी अर्ज करायची. त्या डोंगराला सगळे 'म्हातारी मार्था' म्हणत. तिथल्या शिकारीचे परवाने थोडे आणि मागणारे भरपूर. मागच्या वर्षी नंबर हुकला म्हणून यंदा त्याचं काही जमेत धरत नसत. दर वर्षी पाटी कोरी.

"अगं, पलीकडच्या खोऱ्यात जा की," तिची मैत्रीण म्हणायची. "तिथला परवाना दुकानात मिळतो, दुधाच्या बाटलीसारखा."

"तिथली हरणं माझ्या ओळखीची नाहीत," लारीन सांगायची आणि विषय बदलायची.

खरं कारण गावाला ठाऊक होतं. मार्थाच्या पायथ्याशी तिच्या वडिलांची रँच होती, म्हणजे घर, गुरं आणि कुरणं. ती वडिलांनी मुलाच्या, व्हर्लच्या नावावर केली. लारीन तेव्हा काही बोलली नाही. तिकडे तसंच चालायचं. पण डोंगर सरकारी होता. सरकारी म्हणजे कुणाच्याच बापाचा नाही, म्हणजे जितका इतरांचा तितकाच तिचाही. पोरवयात वडिलांच्या मागे बंदूक खांद्यावर घेऊन ती ज्या घळींतून फिरली होती, तिथे तिला अजून जाता येत होतं. मग एका वर्षी व्हर्लने रँचमधून वर जाणाऱ्या वाटेच्या फाटकाला कुलूप घातलं. लारीनने किल्ली मागितली.

"तुला दिली तर उद्या बायकोच्या भावाला द्यावी लागेल आणि परवा अख्ख्या गावाला," व्हर्ल म्हणाला.

त्या जुलैच्या जत्रेत, बटाट्याच्या सॅलडच्या टेबलापाशी, चारचौघांत लारीन बोलून गेली, "बाबांनी तुला जमीन दिली. डोंगर नव्हता दिला." तेव्हापासून बहीणभावाचं बोलणं बंद. चर्च एक, प्रार्थना एक, पण मध्ये सहा बाकांचं अंतर.

आणि मग एका वर्षी तिचा नंबर लागला.

निरोप आला तेव्हा ती शिडीवर चढून गॅरेज रंगवत होती. फोन बघितला, खिशात टाकला आणि पुन्हा ब्रश हातात घेतला. ऑर्लो बाहेर आला तेव्हा भिंतीबरोबर खिडकीची काचही पांढरी झाली होती.

"लागला वाटतं नंबर," तो म्हणाला.

पुढचे महिने ऑर्लोची काही धडगत नव्हती. लारीन जेवताना नियमांचं पुस्तक मोठ्याने वाचायची. गाडी आखून दिलेल्या वाटेवरच न्यायची. रस्त्यावरून गोळी झाडायची नाही. जनावर पडलं की तिथल्या तिथे परवान्याची चिठ्ठी, म्हणजे टॅग, तारखेपाशी कापून त्याच्या अंगाला बांधायचा. नर असल्याची खूण काढून टाकायची नाही. मांस वाया घालवायचं नाही. आणि खाजगी जमिनीत मालकाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही.

"हरणांनाही एकेक प्रत दिली आहे का?" ऑर्लोने विचारलं.

ऑक्टोबरात ती दोघं मार्थाच्या मागच्या अंगाला तळ ठोकून राहिली. फाटकाची वाट बंद, म्हणून लारीनला रोज अख्खी धार ओलांडून पुढच्या उतारावर जावं लागे. ऑर्लोचा गुडघा कामातून गेलेला. तो तळावर बटाटे तळायचा आणि खुनाच्या कादंबऱ्या वाचायचा.

पहिला दिवस तिने स्वतःच वाया घालवला. जुनिपरच्या झाडाखाली बसली, जरा वेळाने दुसऱ्या झाडाखाली गेली, मग वाटलं पहिलंच बरं होतं, म्हणून उठली, आणि घळीतून चार माद्या उधळून पळाल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. बसलं की पायात मुंग्या, मनात मुंग्या. खाली रँचचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं. धुराड्यातून धूर निघत होता. कोण उठलं असेल, आयोनावहिनी की तो? आपण हरीण बघायला आलोय की घर, हे तिचं तिलाच कळेना, आणि म्हणून ती आणखीच चिडली.

तिसऱ्या सकाळी नर दिसला. दांडगा, राखी रंगाचा, कान खेचरासारखे लांब. पण होता कुंपणाच्या पलीकडे, व्हर्लच्या गवतात. कुंपणाच्या खांबांना नारिंगी रंग फासलेला होता, म्हणजे इथून पुढे मनाई. लारीनने बंदूक टेकवली आणि आयुष्यात पहिल्यांदा हलली नाही. पाय बधिर झाला तरी हलली नाही. नराने गवत खाल्लं, मान वर केली, पुन्हा खाल्लं. शेवटी त्याने तारेवरून अलगद उडी घेतली आणि सरकारी रानात आला. सेजच्या झुडपांत आडवा उभा राहिला. तिने गोळी झाडली.

गोळी बरोबर लागली होती. पण जनावर जिवाच्या आकांताने खालच्या बाजूला धावलं, त्याच तारेवरून पुन्हा गेलं, आणि पलीकडे चाळीसएक पावलांवर कोसळलं.

लारीन कुंपणापाशी आली. बंदुकीतली काडतुसं काढली. हरीण डोळ्यांसमोर पडलं होतं. आणि उन्हं चढत होती. खिंडीत फोन लागायचा. ती धापा टाकत वर गेली आणि ऑर्लोला फोन केला.

"ओढून अलीकडे घे," ऑर्लो म्हणाला. "कोण बघतंय?"

"मी बघतेय ना!"

"मग शिकार खात्याच्या माणसाला बोलाव."

"तो येईपर्यंत मांस नासेल, ऑर्लो."

"मग उरला तुझा भाऊच," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

व्हर्लचा मोबाइल नंबर तिच्याकडे नव्हता. पण रँचच्या घरातल्या फोनचा होता. लहानपणी हरवलीस तर सांगायला म्हणून आईने घोटून घेतलेला. तिने तो लावला.

"हॅलो," व्हर्लचा आवाज.

"मी आहे."

"कोण मेलं?" व्हर्लने विचारलं.

"हरीण मेलंय. तुझ्या वरच्या कुरणात. मारलं अलीकडे, पडलं पलीकडे. मला आत यायची परवानगी हवी."

"जिथे आहेस तिथेच थांब. तार ओलांडायची नाही," तो म्हणाला, आणि फोन बंद.

याचा अर्थ काय घ्यायचा? हो की नाही? ती खिंडीतून खाली आली आणि कुंपणाच्या कडेने या खांबापासून त्या खांबापर्यंत फेऱ्या मारत राहिली. दोन डोमकावळे येऊन बसले. तिने दगड मारला. ते उडाले आणि पुन्हा येऊन बसले. तिसराही आला. एकदा तिने वरच्या तारेवर हात ठेवला. पाय उचलला. मग स्वतःलाच शिवी घालून खाली ठेवला.

अखेर चारचाकी मोटारसायकलची घरघर ऐकू आली. व्हर्ल उतरला. म्हातारा झाला होता. त्याने तिच्याकडे बघितलंच नाही. हरणाजवळ गेला, वाकला आणि रक्ताचे थेंब बघत बघत माग काढत कुंपणापर्यंत आला. तार ओलांडून अलीकडे आला, झुडपांत शिरला. गोळी लागली तिथले केस सापडले, तेव्हा कुठे सरळ झाला.

लारीनच्या अंगाचा तिळपापड झाला. "मी खोटं सांगेन असं वाटलं तुला?"

"मी सगळ्यांचंच बघतो. मागच्या वर्षी माझ्या कालवडीला गोळी घातली कुणीतरी. तीन दिवस पडून होती. लाथा झाडत."

हे तिला माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कोण?

"मला फोन का नाही केलास?" तिने विचारलं.

"तुला? सॅलडचं टेबल मी विसरलो नाही, रीन." मग त्याने मधली तार पायाने दाबून धरली. "ये आत. आणि टॅग बांध आधी, नाहीतर बाबा कबरीतून उठून येतील."

तिने टॅग कापून शिंगाला बांधला. सुरी काढली आणि सवयीने त्याच्यापुढे धरली; पोट उघडायचं काम लहानपणापासून त्याचं. व्हर्लने हात पुढे केला. बोटं थरथरत होती, थंडीत थरथरतात तशी, पण थंडी नव्हती. त्याने हात मागे घेतला आणि हरणाचे मागचे पाय धरले.

"तू कर," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. बंदूकही धरवत नाही. आयोना म्हणते शर्टाची बटणं चुंबकाची घे."

"डॉक्टर?"

"झाले डॉक्टर."

तिला पुष्कळ बोलायचं होतं. पण हात मनगटापर्यंत रक्तात होते. "पाय नीट धर," ती म्हणाली. "हलतोय."

"तो नाही हलत, मी हलतोय," व्हर्ल म्हणाला, आणि दोघांनाही हसू आलं. मग ते हसू फार लांबलं आणि लारीनला बाहीने डोळे पुसावे लागले.

हरीण खाली नेलं ते रँचच्या वाटेने. व्हर्लने फाटक उघडलं, डोंगराला वळसा घालून आलेली ऑर्लोची गाडी आत घेतली आणि गाडी निघाल्यावर पुन्हा कुलूप घातलं. किल्ली दिली नाही. तिनेही मागितली नाही. आयोनाने मात्र गाडीच्या खिडकीतून पीचची बरणी आत कोंबली आणि म्हणाली, "रविवारी जेवायला या. हा बोलवणार नाही, मी बोलावतेय."

पुढच्या वर्षी लारीनचा नंबर लागला नाही. व्हर्लचे हात आणखी बिघडले. आता शनिवारी ती वरच्या कुरणात जाते आणि कुंपणाच्या तारा ताणते. तो खांबाला टेकून उभा राहतो आणि चुका काढतो.

"ढिली राहिली."

"मग तू ताण."

"एवढी कशाची घाई आहे तुला? जरा बस."

"तूच बस," लारीन म्हणते, आणि पुढच्या खांबाकडे निघते.