निंगव्वाची कूस

निंगव्वा भाकरी थापायला बसली, की शेजारच्या बायका नकळत तिच्या तालावर बोलायला लागायच्या. थप थप थप, मग परातीत एक गिरकी, पुन्हा थप थप. बाळीवेशीतल्या निम्म्या दुकानदारांच्या घरी तिच्या कडक भाकऱ्या जायच्या. मी नाटकाच्या तालमीहून परतले की तिच्या चुलीपाशी टेकायचे. चौऱ्याहत्तर सालातल्या एका संध्याकाळी तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि एकदम विचारलं,

"सुधे, लिव्हाय येतंय न्हवं तुला? नाटकातलं न्हाई. खरंखरं."

"नाटकातलं खोटं असतं होय?"

"तू परवा मेलीस की श्टेजवर. आनि हितं येऊन चार भाकऱ्या खाल्लीस."

सात रस्त्याकडच्या एका संस्थेला आया हव्या होत्या. खाली अनाथ बाळांचं शिशुगृह, वर निराधार म्हाताऱ्यांची खोली. अर्जासोबत स्वतःविषयी अर्धं पान लिहून आणायचं होतं.

"मला खालचं काम पायजे," निंगव्वा म्हणाली. "बाळांचं. वरचं नगं."

का, ते गल्लीला ठाऊक होतं. तिची धाकटी बहीण बाळंतपणात गेली, तेव्हापासून तिची मुलगी गंगी निंगव्वाकडेच वाढली. बिनलेकराच्या विधवेला ती पोर म्हणजे सगळं काही होती. मग मेहुणा ईश्वरप्पानं गुलबर्ग्याला दुसरं लग्न केलं आणि गेल्या उन्हाळ्यात येऊन आपली मुलगी घेऊन गेला. त्याचं चुकलं असंही म्हणता येईना. बापच तो.

"रडली का गं ती जाताना?" मी कधी विचारलं नव्हतं, ते त्या दिवशी विचारलं.

"छे! मोटारीत बसाय मिळालं म्हणून टाळ्या वाजवली. मी बी वाजवले." तिनं भाकरी उलटली. "पन हात ऐकत न्हाई बघ. झोपंत अजून थापटतोय. गादीलाच."

मी कागद ओढला आणि झरझर लिहून वाचून दाखवलं. "मातृत्वाचा अथांग सागर माझ्या अंतःकरणी उचंबळत असून..."

"थांब, थांब. सागर कुटला घातलीस? हितं नळाला पानी न्हाई!"

"मग तूच सांग. बाळांचं काय काय येतं तुला?"

"सगळं येतंय. लिही की. मला कूस सांभाळाय येतंय."

मी हसले. "कूस कशाला सांभाळायची?"

"कशाला म्हंजे? लेकरू हाय ते! आमच्यात कूस म्हंजे लेकरू."

"कानडीत गं. मराठीत कूस म्हणजे अंगाची बाजू. झोपताना आपण कूस बदलतो ना, ती."

निंगव्वा थापता थापता थांबली. "अय्या! मी इतकी वर्सं म्हंते, मराठी मानसं कूस बदलतेत, कूस बदलतेत. रात्री लेकरं कुनासंगं बदलतेत म्हटलं!"

पिठाचे हात तोंडावर ठेवून ती इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. मग ते तसंच येत राहिलं. मी भाकरी उलटली, ती एका बाजूनं करपली होती.

शेवटी कागदावर साधंच उतरलं: एक मूल मी जन्मल्यापासून वाढवलं. ते आता माझ्याकडे नाही. बाळाला न्हाऊ घालणं, भरवणं, निजवणं मला येतं. निंगव्वानं खाली अंगठा उठवला. आणि मी दिग्दर्शक झाले. ऊठ. आत ये. नमस्कार कर. बोल. ती परातीला नमस्कार करून म्हणायची, "मला लहान बाळांची आवड हाय."

"शाबास. बाळ म्हण हं, कूस नको."

"बाळ, बाळ, बाळ," म्हणत ती पुन्हा थापायला लागली.

मुलाखतीच्या दिवशी मी व्हरांड्यात, खिडकीपाशी उभी होते, विंगेत उभी राहते तशी. संस्थेच्या दामलेबाई पुण्याच्या, चष्मा डोक्यावर चढवलेला. त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही.

"अर्ज ठेवा तिथे. कागदावर सगळ्याच गुणी असतात. तुम्ही बोला. काय येतं तुम्हाला?"

निंगव्वानं नमस्कार केला. तोंड उघडलं. आणि गाडी तिथंच थांबली. तिनं खिडकीकडे पाहिलं. "बा-ळं," मी ओठ हलवले. तिच्या कपाळावर घाम आला.

"मला... मला कूस सांभाळाय येतंय."

"अगंबाई!" दामलेबाई खुर्चीतून उठल्याच. "अहो, त्यालाच तर कुणी तयार होत नाही! वेळेवर कूस बदलत नाहीत, म्हाताऱ्यांच्या पाठी सोलून निघतात. वरच्या खोलीत जा. आत्ताच जा."

घाबरलेल्या निंगव्वाच्या कानात तेवढं 'आत्ताच जा' शिरलं. ती हात जोडून बाहेर आली आणि शिपाई दाखवेल त्या जिन्यानं वर गेली.

मी आत घुसले आणि कानडी-मराठीचा सगळा घोळ सांगितला. दामलेबाई आधी खो खो हसल्या. मग चष्मा खाली ओढून त्यांनी अर्ज वाचला. दोनदा वाचला.

"खाली एक जागा आहे," त्या म्हणाल्या. "उद्यापासून बाळांकडे येऊ दे म्हणावं तिला."

मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. कडेच्या खाटेवर मायाक्का नावाची म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. अक्कलकोटकडची, कानडीशिवाय काही न येणारी. तिथं तिचं बोलणं कुणाला कळत नव्हतं, म्हणून तिनं ते सोडूनच दिलं होतं. निंगव्वानं खाटेच्या कडेवर बसून तिच्या पाठीखाली हात घातला आणि अलगद तिला आपल्याकडे वळवलं. म्हातारीनं डोळे किलकिले केले.

"बंदी एन, नन्न कूस?"

आलीस का, माझ्या लेकरा?

निंगव्वाला गल्लीत सगळे निंगव्वा म्हणत, नाहीतर भाकरीवाली. लेकरू म्हणणारं कुणी उरलंच नव्हतं.

"हूं अव्वा," ती म्हणाली. "बंदीनि." हो आई, आले.

मी तिच्या कानाशी वाकले. "निंगव्वा, काम झालं! उद्यापासून खाली. बाळं!"

तिचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं ती तशीच धावत सुटणार. ती उठलीही. पण पदर म्हातारीच्या मुठीत होता. तिनं तो सोडवायला हात नेला आणि तसाच ठेवला.

"खालची बाळं मोठी झाल्यावर कुटं जातेत गं?"

"चांगली घरं बघून देतात. दत्तक."

"म्हंजे न्यायला येतेत."

"हो. चांगलंच की ते."

"चांगलंच हाय." ती परत खाटेच्या कडेवर बसली. "पन मी किती येळा टाळ्या वाजवू, सुधे?"

तिनं म्हातारीचं पांघरूण सारखं केलं.

"बाईंना सांग, निंगव्वा वरच ऱ्हाते म्हनली."

तिचा हात म्हातारीच्या पाठीवर थापटू लागला. थप थप थप, चुलीपाशी असायचा तोच ताल. तेवढ्यात खाली एक बाळ रडायला लागलं, अगदी तान्हं. निंगव्वाचा हात थांबला. तिनं जिन्याकडे पाहिलं. खाली रडणं थांबेपर्यंत ती तिकडेच पाहत राहिली.